फवारा वहिनींच्या कमरेला

मृणालिनीवहिनींना अस्वलांची भीती वाटायची. शारजात राहून.

२००२ सालची गोष्ट. मी मराठी घेऊन एम. ए. झालेला, दुबईतल्या एका जाहिरात कंपनीत नुकताच चिकटलेला. शुक्रवारचं जेवण वहिनींकडे. त्यांचे यजमान विजयकुमार, आमचे दादा, रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. कॅनडाला कायमचं जायचे त्यांचे कागद आले होते. मार्च संपायच्या आत तिथे उतरायला हवं होतं, नाहीतर सगळं रद्द. आणि वहिनी नाही म्हणून बसल्या होत्या.

त्यांच्या तिकडच्या चुलतबहिणीने फोनवर सांगितलं होतं, आमच्या मागच्या अंगणात अस्वल येतं, कचऱ्याचं पिंप उलटं करून जातं.

"तुम्ही आणि ईश्वरी जा," वहिनी म्हणाल्या. "मी आईकडे पुण्याला जाते."

दादांनी स्वतःचं आणि मुलीचं, अशी दोनच तिकिटं काढली. जेवताना तिसऱ्याचं नाव निघालं की वहिनी पोळ्या आणायला उठायच्या.

वहिनी शारजात चौदा वर्षं होत्या. खालच्या ग्रोसरीपलीकडे एकट्या कधी गेल्या नव्हत्या. गाडी दादा चालवायचे. डॉक्टरांशी दादा बोलायचे. आग लागली तर घराबाहेर कसं पडायचं, याचं ड्रिलही दादा घ्यायचे. गळ्यात शिट्टी अडकवून.

"प्रत्येक धोक्याची एक प्रोसिजर असते," एका शुक्रवारी ते म्हणाले आणि टेबलावर दोन डबे ठेवले. अस्वलावर मारायचे फवारे. कारखान्याच्या गोदामातल्या हारुनने कॅम्पिंगच्या सामानातून मिळवलेले. एक सरावाचा, त्यात नुसती हवा. दुसरा खरा, तिखट.

"मिरचीचंच पाणी ना?" वहिनी म्हणाल्या. "ते मी घरी करते."

दुपारी आम्ही वाळवंटात गेलो. चटई, डबे, थर्मास. दादांनी मला एक तपकिरी ब्लँकेट दिलं.

"हे कशाला?"

"निनाद, तू अस्वल."

मी पांघरलं. काय बोलणार? जेवण त्यांचं होतं.

"अंकल, यू आर वॉकिंग लाइक अ काऊ," ईश्वरी म्हणाली. ती नऊ वर्षांची होती.

दादा ओरडले, "पळायचं नाही! क्लिप काढा! तीस फुटांवर आलं की तोंडाच्या जरा खाली धरा. मध्ये ढग उभा राहिला पाहिजे. वारा आपल्याकडे येत असेल तर आधी बाजूला सरका. यल्ला, चल, अस्वल!"

मी धावलो. वहिनी घाबरल्या, डबा पाडला. पुन्हा धावलो. तिसऱ्या वेळी त्या जागच्या हलल्या नाहीत. फस्स करून हवा माझ्या गुडघ्यांवर आली.

"मेलं का?" त्यांनी विचारलं.

"मरत नाही ते," दादा म्हणाले. "परत जातं. आता मुक्काम सुरक्षित कसा करायचा ते बघा."

आणि त्यांनी खरा डबा उचलला. संध्याकाळी गच्चीत डासांसाठी फवारतात, तसे चटईभोवती फवारत निघाले. निम्मी फेरी झाली आणि वारा फिरला.

पुढचं मला नीट दिसलं नाही. डोळ्यांत निखारे होते. दादा खोकत वाळूत बसले. शिट्टी तोंडात धरलेली, पण फुंकायला श्वास नव्हता.

"ईश्वरी, इकडे ये! निनाद, आवाजाच्या दिशेने चला. डोळे चोळायचे नाहीत, हात खाली!" वहिनींचा आवाज. वारा फिरताच त्या बाजूला सरकल्या होत्या, दादांनीच शिकवल्याप्रमाणे. त्यांनी तिघांना जिकडून वारा येत होता तिकडे नेलं. गाडीतलं पाणी काढलं. एकेकाचे डोळे धुतले. आधी मुलीचे, मग माझे, दादांचे शेवटी.

मग त्यांनी डबा उचलला आणि त्यावरचं बारीक इंग्रजी सावकाश वाचलं.

"अहो, सामानावर मारू नये, असं लिहिलंय. वाळल्यावर या वासाने अस्वल उलट जवळ येतं."

दादांनी शिट्टी तोंडातून काढली.

"म्हणजे तुम्ही त्याला जेवायला बोलावलंत," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"मला भीती कसली होती सांगू?" त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "अस्वल समोर येईल आणि मी तुमच्या शिट्टीची वाट बघत उभी राहीन."

दादांचे डोळे तसेही लाल होते.

"हा विमानात नेता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "तिथे उतरलं की पहिला नवा घ्यायचा. माझ्या कमरेला राहील, तुमच्या नाही. आणि गाडी मी शिकणार."

"इन्शाल्ला," दादा म्हणाले.

"इन्शाल्ला नाही. हो म्हणा."

"हो."

शनिवारी वहिनी एकट्या टॅक्सीने ट्रॅव्हल एजंटकडे गेल्या. दादा कामावरून आले तेव्हा तिसरं तिकीट फ्रिजवर लावलेलं होतं.

"विंडो सीट मागितलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही मधे बसा."