पडद्यामागचे माग

"चुकलं? छान! आता वाचा बघू, ते काय म्हणतंय."

प्रोग्रॅममध्ये चूक निघाली की बाईंचा चेहरा खुलायचा. पडद्यावर लाल अक्षरं उमटली की विद्यार्थी गांगरायचे. बाई ती अक्षरं मोठ्यानं वाचायला लावायच्या. "रागावलेलं नाही ते. कुठं दुखतंय ते सांगतंय की."

सोलापुरातल्या आमच्या अभ्यासकेंद्रात मी त्यांच्या ऑनलाइन वर्गांची तांत्रिक बाजू सांभाळायचो. संगणकाची पदवी घेणारे विद्यार्थी जिल्हाभर विखुरलेले. असे वर्ग तुम्हीही पाहिले असतील, काळ्या चौकोनांत नुसती नावं आणि एकटी बोलणारी शिक्षिका. बाईंच्या मागे कायम निळा, इस्त्रीचा पडदा आणि तोंडाशी आजूबाजूचा आवाज गाळणारा माइक असे. मधेच आवाज बंद करून त्या गायब व्हायच्या आणि परत येऊन विचारायच्या, "हं, कुठं होतो आपण?" आम्हाला वाटे, मोठं घर असणार, नोकरचाकर असणार.

वर्गात मैंदर्गी गावातल्या एका घरची सून होती. हुशार, पण कॅमेरा कधी लावत नसे. बाईंनी आग्रह केला नाही. "ऐकतेय ना? मग झालं."

तोंडी परीक्षेला मात्र बाहेरचे परीक्षक होते. ते म्हणाले, "कॅमेरा लावल्याशिवाय परीक्षा घेता येणार नाही."

मग तिचा आवाज आला, "मग ऱ्हाऊ द्या सर. मी न्हाय देत परीक्षा."

"का गं?" बाई दचकल्याच.

"घरात रेंज न्हाय, म्याडम. मी गोठ्यात बसती. हितं शेळ्या हायत. सगळी हसतील की."

बाई माइक काढून उठल्या आणि त्यांनी मागचा पडदा सर्रकन ओढला. मागे दोन यंत्रमाग, टॉवेलांचे ढीग, दोरीवर वाळत घातलेले कपडे. मागापाशी उभे असलेले त्यांचे यजमान बनियनवरच होते. ते घाईघाईनं खांबाआड झाले. त्या खडखडाटात बाई ओरडून म्हणाल्या, "हे माझं कॉलेज! धागा तुटला की यांची हाक येते, म्हणून मी मधेच पळते. आता दाखव तुझं."

परीक्षक हसले. "माग जरा थांबवता येतील का?"

माग थांबले आणि तिकडे कॅमेरा लागला. डोक्यावर पदर, मांडीवर लॅपटॉप, मागे पाला चघळणारी शेळी. कुठल्या शेळीला लस कधी द्यायची, याची आठवण करून देणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. तो सुरू केला आणि लाल अक्षरं उमटली.

परीक्षा चालू असताना बाईंना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. तिनंच ती अक्षरं अडखळत मोठ्यानं वाचली, पुन्हा वाचली. मग एक ओळ बदलली. प्रोग्रॅम चालला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "फार धूळ आहे इथं."

पुढे माग विकून बाई आणि यजमान मुलाकडे हैदराबादला निघाले. सामान चढवायला मी गेलो होतो. मैंदर्गीची तीही आली होती. आता ती अक्कलकोटला एका शाळेत संगणक शिकवत होती. दोघी प्रथमच समोरासमोर आल्या होत्या. बाई मान वर करून तिच्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, तू एवढी उंच?"

ती हसली आणि पाया पडायला वाकली ती वर येईचना. बाईंनीच तिला उठवलं.

स्टेशनकडे रिक्षा सुटली. बाईंनी डोकं बाहेर काढून हाक दिली, "जेवून जा गं, उपाशी जाऊ नकोस!"

"व्हय म्याडम," ती म्हणाली.

आम्ही दोघं कुलूप लावलेल्या दारापाशी उभे होतो.