व्याह्यांनी भरलेला फॉर्म

कुणावरही विश्वास न ठेवता माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षं सुखाने जगू शकतो, हे मला माझ्या व्याह्यांकडे बघून कळलं. इंग्लंडात, स्लाऊला लेकीच्या घरी आम्ही दोघं म्हातारी माणसं राहतो, मी तिची आई आणि ते तिचे सासरे. लेक आणि जावई कामाला गेले, नात शाळेत गेली, की घर आमच्या ताब्यात. म्हणजे त्यांच्या ताब्यात. पार्सलवाला आला तर ते दार उघडत नाहीत; पत्रं टाकायच्या फटीतून विचारतात, "हू सेंट?" तो पार्सल ठेवून गेला की पाच मिनिटं थांबायचं, मग काठीने ते हलवून बघायचं. एकदा असं ढोसून ढोसून त्यांनी स्वतःच मागवलेला चष्मा फोडला. मीटर बघायला आलेल्या बाईचं ओळखपत्र त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "विहीणबाई, फोटोत हिचे केस आखूड आहेत." केस वाढले असतील, असं मला वाटलं. पण मी बोलले नाही. मी तशीही कमीच बोलते. डॉक्टरांनी गोळी बदलली की जुनी आणि नवी गोळी बशीत शेजारी शेजारी ठेवून दोन दिवस त्यांच्यावर नजर ठेवतात. टीव्हीवर पाऊस सांगितला, तरी खिडकीतून हात बाहेर काढल्याशिवाय छत्री घेत नाहीत. संशय घेत नाहीत ते फक्त माझ्या आमटीवर.

जन्मतारखेच्या बाबतीत तर ते फारच जपतात. त्यांच्या गावच्या मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्या पोरांच्या तारखा एक जून लावून टाकल्या होत्या. पुष्कळांच्या तशा लागल्या. पण बाकीच्यांनी ती मास्तरांची सोय म्हणून सोडून दिली, यांना त्यात शहाणपण दिसलं. "खरी तारीख घरात ठेवायची, कागदाची बाहेर द्यायची. म्हणून मला आजवर कुणी फसवू शकलं नाही," असं ते सांगतात. खरी तारीख त्यांनी मलाही सांगितलेली नाही. त्यांच्या वाढदिवसाला शिरा करायचा, तर तोही मी अंदाजाने करते.

आमची नात रेवा अभ्यासात फार हुशार. तिला अमेरिकेत शिकायला जायचं होतं. तिकडे जाणाऱ्या मुलांना शाळेत असतानाच कॉलेजच्या दर्जाचा एक पेपर देता येतो. तिच्या शाळेत ती परीक्षा नव्हती, म्हणून बाहेरची मुलं घेणारी दुसरी शाळा तिने शोधून काढली. बसने अर्ध्या तासावर. फॉर्म भरून पासपोर्टच्या कॉपीसकट शुक्रवारी चारच्या आत द्यायचा, की मे महिन्यातल्या पेपरला जागा मिळणार. नाही दिला, तर ते वर्ष गेलं.

"आजोबा, तुम्ही भरता का? तुमचा हँडरायटिंग छान आहे. आणि तुमचा सही पण लागेल," रेवा म्हणाली.

"तुमची सही," आजोबा म्हणाले आणि पेन उघडलं.

तीन दिवस तो फॉर्म चालला होता. ईमेलच्या चौकटीवर त्यांनी काट मारली, फक्त घरचा फोन दिला. पासपोर्टच्या कॉपीवर नंबराच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली. गुरुवारी पाकीट चारी बाजूंनी चिकटपट्टीने बांधून रेवाच्या हाती दिलं आणि तिने ते त्या शाळेत नेऊन टाकलं.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं आणि म्हणाले, "यू फर्स्ट टेल युवर डेट ऑफ बर्थ." मग आपटला. "बघा विहीणबाई, रेवाच्या परीक्षेचं नाव घेऊन जन्मतारीख विचारतात! कुठून कुठून माहिती काढतात चोर." दहा मिनिटांनी पुन्हा वाजला, पुन्हा आपटला. मग समोर एक पांढरी व्हॅन येऊन थांबली, तिचा नंबर लिहून घ्यायला ते वही घेऊन बाहेर गेले. तेवढ्यात तिसऱ्यांदा वाजला. मी उचलला.

बाई त्या शाळेतलीच होती. तिने सावकाश सांगितलं आणि मला कळलं. फॉर्मवर रेवाची जन्मतारीख एक आहे, पासपोर्टवर दुसरी. चारच्या आत पासपोर्ट घेऊन या आणि दुरुस्त करा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. तिने खरी तारीख विचारली, ती मी सांगितली. मी त्या बाळंतपणालाच तर या देशात आले होते.

ते आत आले तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते. "तुम्ही तारीख सांगितलीत?" ते खुर्चीत बसलेच.

"सांगितली. तुम्ही एक जून लिहिलंत ना? पोरीचं वर्ष जाईल. उठा आता."

इतकं मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते उठले. देवघराच्या फळीखालून पासपोर्ट काढला, स्वेटरच्या आत घातला आणि आम्ही बस पकडली. शाळेत पोचलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. त्या बाईपुढे उभं राहून ते म्हणाले, "आय रोट इट. माय मिस्टेक." ती पासपोर्टची नवी कॉपी काढायला आत गेली, तर हे पाठोपाठ यंत्रापर्यंत गेले. मग तारीख खोडून खरी लिहिली आणि सही केली.

बसथांब्यावर त्यांनी पासपोर्ट पुन्हा स्वेटरच्या आत घातला. मग विचारलं, "आता ती जाणार?"

"पास झाली तर जाईल."

"पास तर होणारच ती," ते म्हणाले. आणि बस येते का बघायला उगाच लांब जाऊन उभे राहिले.

रेवा अमेरिकेला गेली, त्याला आता दीड वर्ष होईल. तिची खोली मी झाडते. परवा तिच्या टेबलाच्या खणात लायब्ररीचं जुनं कार्ड आणि ते काढताना भरलेल्या फॉर्मची कॉपी सापडली. अक्षर आजोबांचं होतं, आणि जन्मतारीख खरी. दाताच्या डॉक्टरांसाठी त्यांनीच भरलेल्या कागदावरही खरी. त्यांनी तिची तारीख त्याआधी कुठेच चुकवली नव्हती. मग त्या फॉर्मवर एक जून सवयीने लिहिलं असेल, की ती जाऊ नये म्हणून? माणसाच्या मनातलं कुणाला कळतं. त्यांना विचारायचं असं एकदा मनात आलं, पण कार्ड आणि कागद परत खणात ठेवून दिले. परीक्षेचं नाव ऐकूनही, पहिल्या दोन फोनना मी तरी कुठे उठले होते?