चंदाबाईंचा झाकलेला कॉम्प्युटर

चंदाबाई हिंगोलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा आल्या, त्या कॉम्प्युटरचा डबा एसटीत मांडीवर घेऊन. डब्याला त्यांनीच शिवलेली जाड खोळ होती, आरसे-कवड्या लावलेली.

"गुलनाज, पंधरा मिनटं चालतो न् आपोआप बंद पडतो बघ."

खोळ काढून आत हवा मारली, तर हळदच उडाली. त्यांच्या तांड्यावर हळद अंगणातच शिजते, वाळते. मी पंखा साफ केला, प्रोसेसर तापू नये म्हणून लावतात ती पेस्ट नव्यानं लावली. दुकानात डबा तासभर बिनतक्रार चालला. आठ दिवसांनी बाई परत हजर. तेव्हाही दुकानात सगळं ठीक. तिसऱ्या खेपेला माझं डोकंच फिरलं.

"मावशी, एवढं काय बघता यावर?"

लेकीच्या लग्नाची शूटिंग. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. त्याला ढावलो म्हणतात. हल्लीच्या मुलींना तो येत नाही, पण त्यांची लेक पुजा म्हाताऱ्या बायकांकडून हट्टानं शिकली होती. आता ती सुरतला असते, दोन वर्षांत माहेरी आलेली नाही. शूटिंगमध्ये ती बापाला भेटते, भावाला भेटते, काकूला भेटते, आणि आईची पाळी आली की कॉम्प्युटर बंद.

"माझ्यापाशी काय गायली, त्या दिवशी कळलंच न्हाई मला. शुद्धीत कुठं होते मी? फोनवर इचारलं तर लाजते."

"मग इथंच बघा ना. तेवढंच पुढं सरकवून देते."

"भर बाजारात लेकीचं रडणं लावू व्हय? अन् बापाला-भावाला टाकून मी काहून पुढं पळू?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी स्कूटी काढली. तांड्यावर जाऊन बघते तर कॉम्प्युटर चालू आणि खोळ तशीच अंगावर! बटणापुरती तेवढी फट ठेवलेली.

"कोंडून मारताय त्याला तुम्ही!" मी ओरडलेच.

"लेकीची वस्तू हाय. उघडी कशी ठेवू?"

शेवटी त्यांनी आपल्या हातानं खोळ काढली, घडी घातली आणि उराशी धरून बसल्या.

मी शूटिंग लावली. बाप झाला, भाऊ झाला, काकू झाली. पंधरा मिनिटं उलटून गेली, तरी पंखा नीट फिरत होता. पुजा आईच्या गळ्यात पडली. तिचे ओठ हलू लागले, आणि ऐकू आला तो चंदाबाईंचा हंबरडा. पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. लेकीचा एक शब्द कानावर पडला नाही.

एवढ्या खेपा केल्या त्या बाईनं, त्या यासाठी?

चंदाबाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या,

"मीच गाऊ दिलं न्हाई की तिला."

मग खोळीनंच डोळे पुसून त्यांनी पाट पडद्याजवळ ओढला.

"फिरून लाव, पोरी. आता मी गप बसते."