वरणाचं वरचं पाणी

सहाव्या महिन्यात लेकीला लस टोचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, “आता वरचं सुरू करा.” मागे रांग होती. आम्ही मान डोलावून बाहेर पडलो.

हडपसरच्या नव्या इमारतीत आम्ही तिघंच राहत होतो. नवरा आयटी पार्कात, मी वर्तमानपत्रात. वरचं म्हणजे वरणाचं वरचं पाणी, अशी आमची समजूत. तान्ह्यांना ते पाजतात, एवढं दोघांनीही ऐकलेलं होतं. शिजलेली डाळ खाली बसू द्यायची, वरचं निवळ पाणी चहाच्या गाळणीने गाळायचं आणि वाटीने पाजायचं. एखादा कण घशात अडकेल, ही धास्ती. लेक वाटी संपवायची. पुढे ती रडेनाशी झाली. शेजारच्या बाई म्हणत, “काय गुणी पोर आहे हो!” रांगायच्या वयात ती बसवली तरी कलंडू लागली, दंडाची कातडी सैल पडली, तेव्हा आम्ही पुन्हा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तिला काट्यावरून उचललं, परत ठेवलं.

“खायला काय देता?”

मी सांगितलं.

“आणि?”

“अंगावरचं दूध.”

“अहो, वरचं म्हणजे आईच्या दुधाखेरीजचं अन्न. मऊ, घट्ट, कालवलेलं. वरणावर तरंगतं ते नव्हे! पेपरात ना आपण? बातमीही अशीच छापता, न विचारता?”

मी लेकीला काट्यावरून उचलून घेतलं.

“आणि खालची डाळ कोण खायचं?”

“आम्ही,” नवरा म्हणाला.

डॉक्टरांचा आवाज उतरला. “आठवडाभर खायला घालून बघा. वजन हललं नाही तर भरती करावं लागेल.”

घरी येऊन मी मऊ खिचडी लावली, तूप घालून बोटांनी कुस्करली. पहिला घास तिने जिभेने बाहेर ढकलला. दुसऱ्याला उबळ आली. नवऱ्याने तिला उचलून पाठ थोपटली.

“राहू दे गं, घुसमटेल ती.”

“आणि खाल्लंच नाही तर?”

त्याने तिला परत माझ्या मांडीवर दिलं. हनुवटीवर ओघळलेलं निपटून मी पुन्हा ओठांशी नेलं. ओठ मिटलेले. खिचडी गार झाली, त्याने गरम करून आणली, ती पुन्हा गार झाली. अखेर एक घास आत राहिला. गिळला की गालात धरलाय, ते पाहायला मी बोट घातलं. घास तसाच होता. बोट मात्र ती जीव खाऊन चोखू लागली.