जाड टाचांचं घराणं

बूट शिवणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली दादा म्हणायची, कारण त्याचा धाकटा भाऊ रस्त्याच्या टोकापासूनच त्या नावानं हाका मारत यायचा. धाकटा पार्सलची गाडी चालवायचा. जरा सवड मिळाली की दुकानासमोर गाडी लावायचा, दादाच्या अर्ध्या चहावर हक्क सांगायचा आणि गिऱ्हाईक वळलं की त्याच्या चालीची नक्कल करून दाखवायचा.

घरातल्या सगळ्यांचे बूट दादाच शिवायचा. तयार बूट त्यांना सोसायचेच नाहीत. वडिलांच्या टाचेवरची शीर दोरखंडासारखी जाड, हात फिरवला तर गाठी लागायच्या. दादाची तशीच, धाकट्याची तर काकणभर जास्तच. म्हणून दादा त्यांच्या बुटांची मागची कड खोल कापून आतून मऊ कातडं लावायचा.

"आपलं जाड टाचांचं घराणं," धाकटा म्हणायचा, "राजे असतो तर झेंड्यावर टाच काढली असती."

वडील ऐन पंचेचाळिशीत, बूट शिवायची आरी हातात असतानाच कलंडले होते. लोक म्हणाले, कष्टानं गेले. भावांनीही मनाची तशीच समजूत घातली.

धाकट्यानं अजून चाळिशी गाठली नव्हती. अंगानं काडी, कसलं व्यसन नाही, जिने दोन-दोन पायऱ्या टाकत चढणारा. एका सकाळी वरच्या मजल्यावर पार्सल देऊन तो खाली आला, गाडीत बसला आणि त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. दादा हॉस्पिटलात धावत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याला भावाचं तोंड बघवेना. त्यानं नुसते पाय हातात धरले.

तिथल्या डॉक्टरीण बाईंचं लक्ष त्या पायांकडेच गेलं.

"या गाठी कधीपासून होत्या?"

"आमच्यात सगळ्यांनाच असतात," दादा म्हणाला.

त्यांनी त्याला बूट काढायला लावला, वाकून टाच चाचपली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "जरा सावरलात की रक्त तपासून घ्या. टाळू नका."

रिपोर्ट आला त्या दिवशी तो भावजयीला घेऊन गेला. डॉक्टरीण बाईंनी सावकाश समजावलं. "कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच. आपलं यकृत ते स्वतः बनवतं. पण ते रक्तात विरघळत नाही. म्हणून प्रथिनात गुंडाळून, अगदी बारीक पुडकी बांधून ते सगळीकडे जातं. उरलेली पुडकी यकृतानं परत ओढून घ्यायची असतात. त्यासाठी त्याच्या पेशींवर जणू हात असतात. तुमच्या घरात ते हात जन्मापासूनच कमी आहेत."

"मग ती पुडकी जातात कुठे?" दादानं विचारलं.

"रक्तातच फिरत राहतात. काही टाचेवर साठतात. काही हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात घुसतात. तिथे वर्षानुवर्षं थर चढतो. एक दिवस तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते."

"पण तो तेलकटाला शिवायचासुद्धा नाही," भावजय म्हणाली. "मीच चिडवायचे त्याला."

"त्यांच्याकडून काहीच चुकलं नव्हतं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

भावजयीनं पदर मुठीत घट्ट धरला. "आणि हे आधी कळलं असतं तर?"

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "गोळ्या असतात. त्यांनी यकृताचे ते हात वाढतात. वेळेवर सुरू झाल्या असत्या तर बहुतेक आज ते असते."

दर नव्या बुटाच्या वेळी ती टाच दादानं मांडीवर घेतली होती. तिथे बोट दाबून त्यानं विचारलं होतं, दुखतंय का रे? धाकटा म्हणायचा, गुदगुल्या होतात.

पुढच्या तपासणीत दादाच्याही हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या. त्या मोकळ्या राहाव्यात म्हणून आत जाळी बसवली, गोळ्या सुरू झाल्या. शेजारीपाजारी म्हणाले, धाकट्यानं जाता जाता थोरल्याला वाचवलं. ते मायेनंच म्हणत होते, पण दादाला ते ऐकवायचं नाही. तो उठून आत जायचा.

धाकट्याच्या मुलीचंही रक्त तपासलं. तिचंही कोलेस्टेरॉल जास्तच निघालं. भावजय पुष्कळ दिवस दादाशी धड बोलली नाही. राग त्याच्यावर नव्हता, हे त्याला कळत होतं. पण तो काढायला दुसरं माणूस तरी कुठलं होतं? तो रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचा, निमूट बसायचा आणि पोरीला गोळी द्यायचा.

एकदा ती म्हणाली, "काका, हे मला बाबांकडून आलं ना?"

"हो गं."

"त्यांना माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नव्हतं."

तिनं गोळी पाण्याबरोबर गिळली. मग म्हणाली, "बरं झालं. नाहीतर त्यांना किती वाईट वाटलं असतं."

स्वयंपाकघरात भावजयीचा हात भांड्यावरच थांबला. भाऊ गेल्यापासून चारचौघांत दादाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी त्याला पोरीसमोरच रडू कोसळलं. भावजय बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली.