सात किलोची बॅग आणि हिरवा चुडा

गेल्या महिन्यात नेरुळच्या आमच्या घरात चार दिवस एकाच गोष्टीवरून वाजत होतं. विमानात हातात छोटी बॅग घ्यायची की नाही घ्यायची...

स्नेहल, आमची एकुलती एक, म्युनिकला नोकरी करते. तिथल्याच लुकासशी शुक्रवारी सकाळी तिचं रजिस्टर लग्न होतं आणि आम्ही दोघं गुरुवारी पोहोचणार होतो. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही मध्ये विमान बदलून.

ह्यांचं म्हणणं, सगळं मोठ्या दोन बॅगांत कोंबायचं आणि हात हलवत जायचं. तीस वर्षं एपीएमसीत माथाडी म्हणून गोणी वाहिल्यात ह्यांनी. "पाठीवर कितीबी दे, हातात नको," हे एकच पालुपद. सोसायटीतले एक्स्पर्टही ह्यांच्याच बाजूचे... एकदा दुबईला जाऊन आलेला माणूसही आमच्याकडे एक्स्पर्टच असतो.

मी मात्र अडून बसले, कारण माझा जीव हिरव्या चुड्यात अडकला होता. शिरवण्याच्या कासारणीकडे स्नेहलची जुनी बांगडी मापाला नेऊन आणलेला, अस्सल काचेचा. मोठी बॅग कोण कशी फेकणार, काय भरवसा?

स्नेहल फोनवर सारखी म्हणायची, "आई, दहा मिनिटांच्या सह्या आहेत गं, चुडाबिडा नसला तरी चालेल." चालेल कसं? मांडव नाही, वऱ्हाड नाही, हळद नाही... निदान चुडा तरी नको का पोरीच्या हातात?

शेवटी मी ह्यांना ह्यांच्याच धंद्यात गाठलं. टेम्पो भरताना ह्यांचा नियम असायचा, जे पहिलं उतरवायचं ते शेवटी चढवायचं, हाताशी राहील असं. म्हटलं, "लग्नाला पोचल्यावर पहिलं काय उतरवायचं हो?" हे चहा पीत बसले.

दुसऱ्या दिवशी फळमार्केटमधून पिशवीभर फोमच्या जाळ्या घेऊन आले, सफरचंदांना घालतात त्या. दोन-दोन बांगड्यांना एक जाळी, असं स्वतः बसून पॅकिंग केलं... मला हात लावू दिला नाही. मग वर शालू, मुंडावळ्या आणि मंगळसूत्र. वजन भरलं सहा किलो आठशे, लिमिट सातचं. माझी पैठणी आणि ह्यांचा नवा कोट गेले मोठ्या बॅगांत.

सिक्युरिटीला बॅग अडलीच. मशीनमध्ये गोल गोल काय दिसतंय म्हणून तिथल्या मुलीने उघडायला लावली. एक जाळी सोडली, हिरवी काच बघितली आणि "लेकीचं लग्न?" एवढंच विचारून चेन तिनेच हळूच लावली.

म्युनिकला पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, आमच्या दोन्ही नाहीत. पट्टा रिकामा फिरतोय आणि हे त्याच्याकडे बघत उभे. विमान बदलताना मागेच राहिल्या म्हणे, नक्की कधी येतील ते कुणी सांगेना.

बाहेर स्नेहल मिठी मारून झाल्यावर हळूच म्हणाली, "चुडा पण त्यातच होता?" आठवडाभर चालेल चालेल म्हणणारी माझी पोर... आवाज एकदम बारीक झाला होता. मी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध बसकण मारली आणि छोट्या बॅगेची चेन उघडली. स्नेहल जाळीतली बांगडी हातात घेऊन ढसाढसा रडली. हे चष्मा पुसत म्हणाले, "मीच म्हनलो हुतो, हाताशी पायजे." म्हटलं, जाऊ दे. आनंदात माफ असतं.

शुक्रवारी सकाळी साबणाच्या पाण्याने मीच चुडा भरला. भरताना एक बांगडी गेली. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "एक वाढली बघ."

लुकास वर्षभर मराठी शिकतोय. तो खूश होऊन म्हणाला, "छान! आता किती झाल्या?" आम्ही तिघंही हसून बेजार. मग स्नेहलने समजावलं, आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. त्याला ते इतकं आवडलं की दिवसभर तेच पुटपुटत होता. लग्नाला निघता निघता फोन आला, बॅगा शनिवारशिवाय येत नाहीत. हे शांतपणे म्हणाले, "म्हंजे बॅगाबी वाढल्या."

लग्नाचा फोटो खाली टाकलाय, नीट बघा. स्नेहल शालू, मुंडावळ्या, दोन्ही हात हिरवेगार... तिथल्या ऑफिसातल्या बाईसुद्धा सही घ्यायची सोडून बघत बसल्या. शेजारी तिची आई प्रवासातल्या चुरगळलेल्या ड्रेसवर आणि बाबा स्वेटर, स्पोर्ट्स शूजवर. पैठणी नसल्याचं मला एक क्षणही वाईट वाटलं नाही, खरंच सांगते. माझी पोर नवरी दिसत होती, मी जिंकले होते.

फळमार्केटमधल्या ज्या कुणी त्या जाळ्या दिल्या, त्यांचं भलं होवो. शिरवण्याच्या कासारणीला पेढे देऊन झाले, सोसायटीतल्या एक्स्पर्टांनाही दिले... मुद्दाम.

परतताना एअरपोर्टवर छोटी बॅग घ्यायला मी वाकले, तर ती आधीच ह्यांच्या हातात. म्हटलं, "हातात ओझं नको ना तुम्हाला?"

"ह्यात पोरीच्या लग्नाचा फोटो हाय," म्हणाले, आणि नेरुळला दार उघडेपर्यंत बॅग काही खाली ठेवली नाही.