नत्थूभाऊंचे दोन अंश

नत्थू काटेखायेंना गावानं कधी सरपंच केलं नाही, पोलीस पाटील केलं नाही. भजनातही आवाज बेसूर म्हणून त्यांना मागेच बसवायचे. पण खळ्यावर धानाची रास पडली आणि भावाभावांत वाटणी करायची वेळ आली, की पायली नत्थूभाऊंच्याच हातात यायची. पवनीपासून सहा किलोमीटरवर, धरणाच्या फुगवट्याला लागून असलेलं हे गाव. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ तिथे होते, बांधावरून कोर्टात गेलेले चुलते होते. तरी नत्थूभाऊंनी मोजलेलं धान कुणी दुसऱ्यांदा मोजून पाहिलं नाही. पायली काठोकाठ भरायची, हातानं सपाट करायची, मगच ओतायची. मोजताना ते कुणाशी बोलत नसत, मग समोर पाहुणा येऊन उभा राहिला तरी.

त्यांची एकुलती मुलगी करुणा. तिनंही मोजण्याचंच काम धरलं, फक्त जरा लांबून. नागपूरला ती पीएच.डी. करत होती, उपग्रहावरून पाण्याचं तापमान काढायचं.

लोकांना वाटतं उपग्रह फोटो पाठवतो. तो नुसते आकडे पाठवतो. एकेका ठिपक्याचा एकेक आकडा, पाचशे बारा, सहाशे सात, असे. त्या आकड्यांना रूपांतराची सारणी लावायची, वातावरणाचा हिशेब वजा करायचा, तेव्हा कुठे त्यातून अंशांतलं तापमान निघतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यासाठी करुणानं स्वतःच सॉफ्टवेअर लिहिलं होतं. ते खरं सांगतं की नाही, हे पाहायला मात्र कुणीतरी त्याच वेळी खाली पाण्यात थर्मामीटर बुडवायला हवं होतं.

तिनं हे घरी सांगितलं तेव्हा नत्थूभाऊंनी बिडी विझवली आणि म्हणाले, "म्हंजे तुही पायली आनि माही पायली ताडून पाहाची. येवढंच ना वं?"

"येवढंच, बाबा. पन रोज साडेदहाले. आनि काठावर नाही, मंधात जाऊन. काठाचं पानी लवकर तापते."

त्यांचं शेत फुगवट्याच्या पलीकडे. तिकडे जायला डोंगा होताच. दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरपासून नत्थूभाऊ रोज साडेदहाला डोंगा मधोमध थांबवायचे, थर्मामीटर चार बोटं खोल धरायचे, आणि घरी येऊन फोन करायचे. "तेवीस पूर्नांक चार. लिव." पुढं चौकशी नाही, पाल्हाळ नाही. करुणा लिहायची आणि उपग्रहाचा आकडा पाहायची. अर्ध्या अंशाचाही फरक निघत नसे. प्रयोगशाळेत ती कौतुकानं सगळ्यांना सांगायची, आमचे बाबा म्हणजे आमची खालची वेधशाळा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडं बिनसलं. नत्थूभाऊंचा आकडा उपग्रहापेक्षा दोन अंशांनी जास्त यायला लागला. एक दिवस, दोन दिवस, सलग चौतीस दिवस. शिकलेल्या माणसाला एक खोड असते. यंत्र आणि माणूस यांच्यात फरक पडला, की त्याला आधी माणूस खोटा वाटतो. करुणाला वाटलं, बाबा थकले, आता काठावरच थर्मामीटर बुडवून मोकळे होतात. तिनं ते चौतीस आकडे 'शंकास्पद' म्हणून बाजूला काढले आणि तेरा मार्चला फोन लावला.

"बाबा, तुमी मंधात जाता ना?"

"जातो ना."

"मंग दोन डिग्री जास्त काहून येऊन राहिले? उपग्रह का खोटा बोलते? नसंल होत तं तसं सांगा, पन काठावरचं पानी मोजून मले आकडे देऊ नका. माहं तीन वर्साचं काम हाय हे."

 पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला.

दोन दिवस आकडाच आला नाही. बाबा रुसले, असं तिला वाटलं, आणि रुसू देत असंही वाटलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, आकडा उपग्रहाला तंतोतंत जुळला. त्यानंतर रोज जुळत राहिला. महिन्याभरानं न राहवून तीच म्हणाली, "पाहा, मनावर घेतलं तं कसं बरोबर येऊन राहिलं."

"हव," नत्थूभाऊ म्हणाले.

मधला पावसाळा सोडला, तर पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत हे चाललं. दरम्यान मळणीचा हंगाम आला. जागेश्वर आणि तेजराम या भावांनी वाटणीसाठी बोलावणं पाठवलं, तेव्हा नत्थूभाऊ गेले नाहीत. दुसऱ्या कुणाच्याही खळ्यावर गेले नाहीत. नजर कमी झाली म्हणाले. करुणाला ते खरंच वाटलं, साठी उलटलेली होती. तिचा प्रबंध सादर झाला, नावाजला गेला. प्रबंधाच्या सुरुवातीला तिनं वडिलांचे आभारही मानले होते. चोवीसच्या जानेवारीत नत्थूभाऊ अंगणात बसल्याबसल्या छातीत कळ येऊन गेले. पवनीच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

दीड वर्षानं रुपा नावाची मुलगी प्रयोगशाळेत नवी आली. करुणाचंच सॉफ्टवेअर ती दुसऱ्या तलावासाठी वापरत होती. एका दुपारी तिनं भीतभीत विचारलं, "ताई, ही सारणी जुनी आहे का? बावीसच्या फेब्रुवारीत नवी आली होती. पण प्रोग्राम अजून जुनीच फाइल उघडतोय."

उपग्रहावरचं यंत्र म्हातारं झालं की त्याची जुळणी बदलतात, आणि त्या दिवसापासून सारणीही बदलावी लागते. ती बदलल्याची सूचनाही निघाली होती. करुणानं ती वाचली नव्हती, आणि फाइलचं नाव प्रोग्राममध्ये तिनंच हातानं लिहून ठेवलं होतं. तिनं तिथंच नवी सारणी लावली आणि सगळं पुन्हा चालवलं.

पडद्यावर आलेख आला. तिनं बाजूला टाकलेले ते चौतीस शंकास्पद आकडे उपग्रहाच्या रेषेवर नेमके बसले होते. बाबा बरोबर होते. तिला रडू फुटणार, तोच तिची नजर पुढं सरकली. सोळा मार्चपासून वडिलांची रेष खाली पडली होती आणि शेवटपर्यंत खालीच राहिली होती. दोनशे एकसष्ट आकडे, प्रत्येक आकडा बरोबर दोन अंशांनी कमी.

त्या आलेखात लपायला जागा नव्हती. घरी बसून अंदाजानं सांगितले असते, तर आकडे इकडेतिकडे उडाले असते. इथे पाणी ज्या दिवशी निवलं, त्या दिवशी वडिलांचा आकडा निवला होता, ऊन चढलं तसा चढला होता. बाबा तापानं फणफणलेत, असं आईनं फोनवर सांगितलं होतं त्या दिवशीचाही आकडा होता. म्हणजे ते रोज मधोमध गेले होते. रोज खरं मोजलं होतं. आणि रोज त्यातून दोन वजा करून तिला सांगितलं होतं. करुणा खुर्चीतून उठली नाही. रुपानं पाणी आणून दिलं, तेही तसंच राहिलं.

शनिवारी ती गावी गेली. आई, रुखमाबाई, सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. करुणानं विचारलं तेव्हा त्यांचा हात थांबला नाही.

"मले मालूम होतं. तुहा फोन आला, तं दोन दिवस जेवले नाही धड. पवनीहून दुसरं थर्मामीटर आनलं. दोन्ही संगं पान्यात बुडवले, दोन्हीनं एकच सांगतलं. मंग मले म्हने, रुखमा, माहं बरोबर हाय. मी म्हटलं, तं सांगा ना पोरीले. म्हने, तिचे साहेब लोकं का म्हनतीन? अडानी बापापायी तिचं काम अडलं पायजे का? तिले दोन कमी पायजे, तं दोन कमी सांगतो."

"आनि खळ्यावर मोजाले जानं काहून सोडलं?"

"काहून का? ज्यानं पोरीले खोटं माप देल्लं, त्यानं लोकाईच्या खळ्यावर कोनत्या तोंडानं जाव? असं म्हनत होते."

करुणा सुपाशेजारीच जमिनीवर बसली आणि पोटातून रडली. रुखमाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनाही राग होता, आणि तो दीड वर्षाहून जुना होता.

सोमवारी ती मार्गदर्शकांकडे गेली. माणूस चांगला होता. ते म्हणाले, "सारणीची चूक कळव. नंतरचे आकडे 'निरीक्षकाची चूक' म्हणून काढून टाक. सगळे असंच करतात. पदवीला धक्का लागणार नाही."

निरीक्षक म्हणजे नत्थू काटेखाये. करुणानं नकारार्थी मान हलवली आणि घरी येऊन विद्यापीठाला वेगळं पत्र लिहिलं. चौतीस आकडे खरे असून संशोधिकेनं ते कारण नसताना नाकारले. पुढचे दोनशे एकसष्ट आकडे निरीक्षकानं अचूक मोजले, परंतु संशोधिकेच्या सांगण्यावरून दोन अंश कमी करून कळवले. खाली सही केली. मार्गदर्शकांनी वाचलं आणि चष्मा काढला. या एका वाक्यावर पदवी जाऊ शकते, म्हणाले. तिनं पत्र पाठवलं.

पुढच्या खेपेला गावी गेल्यावर तिनं ते पत्र आईला वाचून दाखवलं, सावकाश, एकेक ओळ बोलीत समजावत. रुखमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पन तू कुठी सांगतलं होतं त्याईले कमी करा म्हनून? त्याईनं आपल्या मनानं केलं."

"मीच सांगतलं होतं, आई. त्याईले समजलं, मले नाही समजलं."

रुखमाबाईंनी तिच्या हातातून कागद घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग घडी घालून परत दिला.

"मले काहून आयकवतं?" त्या म्हणाल्या. "मी तं त्याईले खोटं कधी म्हटलंच नव्हतं."